अकाडिया नकाशात सापडेना! गाडी कुठून कुठे न्यायची?

टॉवेलवाले_काका (जुळे सोलापूर)

मंडळी, एक सल्ला पाहिजे.

पुतण्या कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात मॉन्कटनला असतो. चार वर्षं झाली बोलावतोय. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत, ते सोडून कधी निघणंच झालं नाही. यंदा थोरला म्हणाला, "मी बघतो, तुम्ही दोघं जा." तिकिटं काढली. ८ ऑगस्टला पोचतो. ९ ते १७ फिरायला मोकळे.

पुतण्याचं म्हणणं, नायगारा सगळेच करतात, आपण अकाडियाचा किनारा करू. बरं म्हटलं. नकाशा काढून बसलो तर अकाडिया कुठंच नाही. फोनमध्ये नाव टाकलं की तो अमेरिकेतल्या मेन राज्यातलं नॅशनल पार्क दाखवतो. पुतण्याला विचारलं तर हसून म्हणतो, "काका, अकाडियाला हद्दच नाही." आता हद्द नसलेल्या मुलखात गाडी कुठून घालायची आणि कुठून काढायची? तो कामावर असतो, त्यामुळे आखणी माझ्याच गळ्यात.

अडचणी सांगतो. आमच्या मंडळींचा, म्हणजे बायकोचा, श्रावण, मासे-मटण बंद, आणि तिकडचे सगळे फोटो शेवंडांचे (लॉबस्टरचे). माझे गुडघे बेताचे, डोंगर चढणार नाही. शेटिकॅम्प म्हणून एक गाव आहे, तिथं बायका हाताने गालिचे करतात असं वाचलं, धंद्यामुळं ते बघायची फार इच्छा. पुतण्या म्हणतो ते उलट्या दिशेला आहे, सोडा. आणि १५ ऑगस्टला त्यांचाही कसला राष्ट्रीय दिवस असतो म्हणे, ते खरं का?

कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा. घाई नाही.

साखरपेठेची_लेक

काका, मी गेलेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं हॅलिफॅक्सला होते, त्यात हा किनारा तीन खेपांत पाहिला. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पुतण्या बरोबर सांगतो. अकाडिया आज प्रांत नाही, जिल्हासुद्धा नाही. १६०५ पासून फ्रेंच लोक आजच्या नोव्हा स्कोशियात येऊन वसले, समुद्राच्या भरतीला बांध घालून त्यांनी सुपीक शेती उभी केली. १७१३ मध्ये तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना जहाजांत भरून हाकलायला सुरुवात केली. सात-आठ वर्षांत दहा हजारांवर माणूस उठवला. काही लुईझियानाला पोचले, तिथले केजन ते हेच. १७६४ नंतर परत यायची परवानगी मिळाली, पण तोवर त्यांच्या शेतांवर न्यू इंग्लंडची माणसं बसवलेली होती. मग उरलं काय, तर खडकाळ किनारा. शेतकरी होते ते कोळी झाले.

म्हणून अकाडिया किनाऱ्याकिनाऱ्याने धाग्यासारखी गेलीय. आत दहा किलोमीटर शिरलात की कित्येक ठिकाणी संपते. हद्द नसली तरी आल्याचं कळतं मात्र लगेच: फ्रान्सचा निळा-पांढरा-लाल झेंडा, निळ्या पट्ट्यात पिवळी चांदणी. तो १८८४ मध्ये ठरला. घरावर, होडीवर, टपालपेटीवर, कारकेत गावाकडे तर विजेच्या खांबांवरसुद्धा रंगवलेला. चांदणी दिसायला लागली की गाडी हळू करायची.

आता आखणी. माझं मत पुतण्याच्या उलट आहे: शेटिकॅम्प सोडू नका. मॉन्कटनहून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, सोलापूर-मुंबईपेक्षा जास्त. ९ ला पहाटे निघा, १० चा अख्खा दिवस तिथे, ११ ला परत. दोन दिवस नुसते गाडीत जातील, हे कबूल. पण तुम्ही टॉवेलवाले आहात म्हणून सांगते.

माझे वडील हातमागावर वॉल हँगिंग विणायचे. देवाचं चित्र, मोर, कधी पुढाऱ्याचा चेहरा. त्यामुळे शेटिकॅम्पला मी 'बघू तरी' अशा तोऱ्यातच शिरले होते. ते विणकाम नाहीच, काका. गोणपाट लाकडी चौकटीवर ताणून बसवतात आणि लोकरीचा धागा हूकने खालून वर ओढून एकेक फास काढतात. तुमच्या टॉवेलचा लूप कसा, तस्साच लूप, पण माग नाही, हाताने एकेक! आधी जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचे पायपुसणे करायच्या. १९२०च्या दशकात लिलियन बर्क नावाच्या अमेरिकन बाईंनी तलम लोकर, मवाळ रंग आणि श्रीमंत गिऱ्हाइकं आणली. पुढे दरावरून वाजलं, काही बायकांनी तिचं काम सोडून स्वतः विकायला सुरुवात केली. दलाल आणि कारागीर, आपल्याला नवीन नाही. गावात 'ले त्रुआ पिन्योन' नावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे एलिझाबेथ लफोर या बाईंचं काम लावलंय. त्यांच्या हातचे गालिचे व्हाइट हाउसपर्यंत आणि व्हॅटिकनपर्यंत पोचले. मी एका चेहऱ्यासमोर उभी राहिले, गालावरच्या सावलीला किती छटांची लोकर लागली असेल ते मोजत. वडील असते तर पाठ उलटून गाठी बघितल्या असत्या.

एक सूचना, तिथे 'सुएत' नावाचं वारं सुटतं. आग्नेयेकडून डोंगरावरून उतरतं, कधी ताशी २०० किलोमीटरच्या वर. हिवाळ्यात जास्त, ऑगस्टमध्ये बहुधा भेटणार नाही. पण भेटलं तर त्या दिवशी गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

१२ ला मॉन्कटनहून शेडियॅक आणि बुक्तूश. शेडियॅकला सिमेंटचा ११ मीटर लांब शेवंड आहे, वजन ९० टन. फोटो काढा आणि निघा. बुक्तूशला वाळूची दांडी समुद्रात १२ किलोमीटर गेलीय, वर लाकडी फळ्यांची पायवाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे एका छोट्या बेटावर लेखिका आंतोनिन मायेच्या पात्रांचं गाव उभं केलंय. त्या बुक्तूशच्याच, १९७९ मध्ये फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळालेल्या. पण सगळी गंमत बोलण्यात आहे, फ्रेंच येत नसेल तर तिकिटाचे पैसे वाचवा.

मोठा ११ नंबरचा रस्ता शक्य तिथे टाळा. त्यावरून फक्त झाडं दिसतात. खालून किनाऱ्याने जुने रस्ते जातात, १३४, ४७५, ५०५, ११७ अशा नंबरांचे. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

१३ ला कुशिबुग्वाक नॅशनल पार्क. खाडी, वाळू, कोमट पाणी, सपाट रस्ते. पण एक गोष्ट माहिती असू दे. १९६९ मध्ये हे पार्क करताना तिथली दोनशेवर कुटुंबं उठवली, बहुतेक अकाडियनच. १७५५ ला पणजोबांचे पणजोबा उठले होते, पुन्हा हे उठले. त्यावरून इतका गदारोळ झाला की पुढे पार्कासाठी लोकांना सक्तीने उठवायचं नाही असं सरकारला ठरवावं लागलं. 'क्लेर-फोंतेन' नावाची पायवाट आहे, ते उठवलेल्या एका वस्तीचं नाव. आम्ही त्या वाटेवर डबा खाल्ला आणि नाव नंतर कळलं.

११७ ने पुढे गेलात तर एस्कुमिनॅकचा धक्का लागतो. १९५९ च्या जूनमध्ये एका रात्री वादळात ३५ कोळी गेले, त्यांचं स्मारक आहे. पाच मिनिटं थांबा.

१४ ला शिपागान, लामेक, मिस्कू, एकापुढे एक बेटं, पूल आहेत. मिस्कूच्या टोकाला १८५६ चा लाकडी दीपस्तंभ. लामेक बेटावर सेंट सिसिलियाचं चर्च आतून असं रंगवलंय की आपल्या गड्ड्याच्या जत्रेतली मिठाईची दुकानं आठवतात.

आणि १५ ला कारकेत. हो काका, खरंय. १८८१ च्या अधिवेशनात १५ ऑगस्ट हा अकाडियनांचा राष्ट्रीय दिवस ठरला. संध्याकाळी 'तँतामार' असतो, म्हणजे नुसता गोंगाट. हजारो माणसं रस्त्यावर, हातात पातेली, झाकणं, शिट्ट्या, भोंगे. भाषण नाही, घोषणा नाही, आम्ही अजून आहोत एवढंच वाजवून सांगायचं. मी स्टीलचं ताट आणि लाटणं नेलं होतं. शेजारच्या आजीबाईंनी ताट हातात घेऊन टिचकी मारून बघितलं, आवाज पसंत पडला, मला आपली गाईच्या गळ्यातली घंटा दिली आणि ताट परत दिलंच नाही मिरवणूक संपेपर्यंत. मुक्कामाची खोली मात्र आत्ता, आजच सांगून ठेवा. त्या आठवड्यात कारकेतला जागा मिळत नाही.

१६ ला तिथलंच ऐतिहासिक गाव, 'व्हिलाज इस्तोरिक अकादियँ'. जुनी घरं उचलून आणून मांडलीत आणि त्यात जुन्या वेषातली माणसं कामं करत असतात. तुम्ही मागाशी गप्पा मारत बसाल आणि काकू वैतागतील. १७ ला मॉन्कटन, अडीचशे किलोमीटर.

खाण्याचं उद्या लिहिते, हात दुखला.

पेण_खारपट्टा

ताईंनी छान लिहिलंय, पण नोव्हा स्कोशियातलं अकाडियनांचं जुनं गाव ग्राँ-प्रे यादीत नाही हे बघून राहवलं नाही. २०१२ पासून जागतिक वारसा आहे ते. फंडीच्या उपसागराची भरती जगात सर्वांत मोठ्या भरतींपैकी, काही ठिकाणी १६ मीटर. त्या भरतीला या शेतकऱ्यांनी नुसत्या मातीच्या आणि गवताच्या ढेपांच्या बांधांनी अडवलं. बांधाखालून पोखरलेला ओंडका घालायचा, त्यात एक लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की समुद्राचं पाणीच झडप दाबून बंद करतं. त्याला ते 'अबुआतो' म्हणतात. आमच्याकडे खारबंदिस्तीला उघाडी असते, काम तेच! दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन निघालं की जमीन पिकायला लागते, हेही तेच. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य बांधाला खांड पडली की गाव गोळा करण्यात गेलं. ग्राँ-प्रेला त्या झडपेसमोर मी अर्धा तास उभा होतो, बायको गाडीत जाऊन बसली.

काका, शेटिकॅम्पऐवजी ग्राँ-प्रे करा. तासाभराची ओहोटी बघितली तरी पैसे वसूल.

साखरपेठेची_लेक

दादा, उघाडीचं माहीत नव्हतं, मस्त. ग्राँ-प्रे सुंदर आहे, नाही म्हणत नाही. ५ सप्टेंबर १७५५ ला तिथल्याच चर्चमध्ये पुरुषांना बोलावून हुकूम वाचून दाखवला. पण ती शेतं आज दुसऱ्यांची आहेत. तिथे अकाडियनांची आठवण भेटते, माणसं भेटत नाहीत. काकांकडे नऊ दिवस आहेत, मी माणसांच्या बाजूने मत देईन. तुम्ही शेतकऱ्याच्या डोळ्याने बघितलं, काका धाग्याच्या बघतील.

आता खाणं. काकूंसाठी सरळ सांगते, अकाडियन स्वयंपाकात श्रावण बसत नाही. फ्रिको म्हणजे कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात कणकेचे गोळे. 'पुतीन रापे' दिसते उकडीच्या मोदकासारखी गोल, पण किसलेल्या बटाट्याची, करडी, चिकट, आणि पोटात खारवलेलं डुक्कर. नोव्हा स्कोशियाच्या सेंट मेरी उपसागराकडची रापूर अशी: बटाटा किसायचा, पिळून सगळं पाणी काढायचं, तितकाच कोंबडीचा कढत रस्सा पुन्हा त्यात मुरवायचा आणि भाजायचं. मी खाते म्हणून मला आवडली. नवऱ्याने पहिल्या घासाला चमचा ठेवला.

काकूंना चालेल असं: ऑगस्टमधल्या रानटी ब्लूबेरी, रस्त्याकडेला विकायला असतात. तळलेले बटाटे, पाव, लोणी. आणि 'पे द सर', लोणी-साखर भरून गुंडाळी करून भाजलेला गोड पदार्थ. नावाचा अर्थ इथे लिहीत नाही, पुतण्याला विचारा, आणि काकूंसमोर विचारू नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, कुकर न्या.

टॉवेलवाले_काका (जुळे सोलापूर)

लेकी, प्रिंट काढून फाइलला लावलं. शेटिकॅम्प पक्कं, पेणच्या दादांनी रागावू नये. गोणपाटावर टेरीचा लूप हाताने! आमच्या मागावर मिनिटाला निघतात तेवढे लूप ती बाई किती दिवसांत काढेल याचा हिशेब रात्री करत बसलो, झोप गेली.

एक विचारायचं राहिलं. मंडळींचं माहेर करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. कुशिबुग्वाकचं तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. भाकरी थापून झाल्यावर विचारते, "तिथं उन्हाळ्यात पाणी उतरतं का? देवळाचं काही दिसतं का?" आमच्याकडं मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुनी देवळं वर येतात, तिचे भाऊ अजून नारळ घेऊन जातात.

साखरपेठेची_लेक

काकूंना सांगा, तिथे पाणी नाही, जंगल आहे. घरं पाडली आणि झाडं वाढू दिली. त्यामुळे काही वर येत नाही. पायवाटेचं नाव तेवढं.

पण त्यांना तिथे घेऊन जा. बुक्तूशला वेळ कमी पडला तर पडू दे.

मॉन्कटनचा_मराठी

उशिरा बघितला धागा. सहा वर्षं इथे आहे, मूळ बार्शीचा, म्हणून चार कामाच्या गोष्टी.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून आणा, एक वर्ष चालतं. आमचे पाहुणे फक्त आपलं लायसन्स घेऊन आले, एका भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर मॅनेजर अडून बसला, कोणती कंपनी ते सोडा, अर्धा दिवस गेला. दोघांची नावं चालक म्हणून आधीच लिहून घ्या. गाडी उजव्या बाजूने चालवायची, पहिल्या दिवशी डावीकडे वळताना बायकोला मोठ्याने 'उजवीकडे राहा' म्हणायला सांगा. आमच्याकडे अजून म्हणते.

अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. मूस नावाचं जनावर रस्त्यात येतं, पाय इतके लांब की धडक बसली तर धड थेट काचेवर. दिव्यात डोळेसुद्धा नीट चमकत नाहीत. पाटी दिसली की वेग कमी.

भाषेला घाबरू नका, न्यू ब्रन्सविकमध्ये १९६९ पासून इंग्रजी-फ्रेंच दोन्ही सरकारी भाषा आहेत. आमच्या भागात तर पोरं शियाक बोलतात, इंग्रजी क्रियापदाला फ्रेंच शेपूट. गाडी 'पार्के' केली म्हणतात, आपण पार्क केली म्हणतो तसं. पॅरिसचा माणूस नाक मुरडतो. सोलापुरात 'काय करलालास बे' ऐकून पुण्याचा मुरडतो तसंच.

आणि एक विचित्र गोष्ट. ज्या मॉन्कटनला काका उतरणार ते नाव रॉबर्ट मॉन्कटनचं, १७५५ च्या हकालपट्टीतला ब्रिटिश अधिकारी. अकाडियनांचं मोठं विद्यापीठ १९६३ मध्ये याच गावात निघालं आणि त्याच्या नावातही तोच आहे. नाव बदला म्हणून मधूनमधून गलका होतो.

साखरपेठेची_लेक

शियाकचं लिहिलंत ते बरं झालं. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची खिचडी आणि वरून कन्नडची फोडणी. शेडियॅकच्या दुकानात दोन पोरींचं बोलणं ऐकून मला एकदम अशोक चौकात असल्यासारखं वाटलं होतं, एक शब्द कळला नव्हता तरी.

टॉवेलवाले_काका (जुळे सोलापूर)

परमिटचा अर्ज भरला. कारकेतची खोली पुतण्याने धरली, शेवटून दुसरी होती म्हणे. मंडळींनी वाजवायला पितळी परात काढलीय, वजन बघून मी घाबरलो.

शेवटचा प्रश्न. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेता येईल का? नाहीतर नऊ दिवस बटाट्यावर कसे काढायचे?

साखरपेठेची_लेक

भाकरी, चटणी दोन्ही पॅकबंद न्या, आणि विमानतळावर खाण्याचं सामान आहे असं सांगा, लपवू नका. दही-दूध, ताजी भाजी काही घेऊ नका.

चटणीचं मात्र एक. तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं बरीच, नुसत्या शिंतोड्याने श्वास कोंडतो काहींचा. घरगुती मुक्काम असेल तिथे मालकिणीला विचारल्याशिवाय पुडी उघडू नका. मी शेटिकॅम्पला गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ली होती, वाऱ्याने निम्मी चटणी समुद्रात.